उन्हाळ्यात कोंबड्या आणि क्रॉस स्टिच: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी साडेचार या वेळात कोंबड्यांना पकडायचं नाही, हुसकायचं नाही, खुराडं झाडायला काढायचं नाही. पण घर बंद करून गावालाही जायचं नाही, कारण पाण्याचं भांडं पालथं झालं आणि कुणी बघितलं नाही तर भर दुपारी पक्षी दगावायला वेळ लागत नाही. म्हणजे रोज पाच-साडेपाच तास घरात, पण कोंबड्यांचा आवाज कानावर पडेल अशा जागी बसून राहायचं. या वेळेला क्रॉस स्टिचइतकं, म्हणजे फुलीच्या टाक्याच्या भरतकामाइतकं, जमणारं दुसरं काम मला माहीत नाही. सुई कापडात टोचून कधीही उठता येतं, परत आल्यावर कुठे थांबलो ते कापडावरची चौकोनी घरं मोजून कळतं, आणि कान मोकळे राहतात. मोबाइल घेऊन बसलं की कानही जातात आणि डोळेही.

पुढचं सगळं सोलापूरकडच्या कोरड्या उन्हाळ्याला धरून लिहिलं आहे. पत्र्याचं घर, मागे परसबाग, दारात कडुनिंब, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातही हेच चालेल. कोकणात आणि गोव्यात ऊन एवढं नसतं, पण हवा दमट असते. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते, आणि दमट हवेत तेच नीट होत नाही. तिकडे पाणी शिंपडण्यापेक्षा वारा खेळता ठेवण्याकडे जास्त लक्ष द्या.

कोंबड्या कधी आणायच्या, किती आणायच्या

पाच-सहा माद्या पुरे. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडा नसला तरी तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) वयात आली की अंडी देतेच, फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. पहाटे चारला आरवणारा कोंबडा शेजाऱ्यांना चालेल का, याचा विचार आधी करा. शहरात राहत असाल तर सोसायटीचे आणि महापालिकेचे नियमही विचारून घ्या.

नवख्यांनी एक दिवसाची पिल्लं आणूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती स्वस्त मिळतात, दिसतात गोड, पण पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते आणि मग दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करावी लागते. मे महिन्यात दिवसा बल्ब बंद, पहाटे सुरू, मध्येच वीज गेली की धावपळ, असा खेळ होतो. त्यापेक्षा आठ ते दहा आठवड्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्या. चार पैसे जास्त जातील, पण पहिले कठीण दिवस दुसऱ्या कुणीतरी काढलेले असतील. आणायच्या त्या फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे ऊन तापायच्या आत त्या जागेला रुळतात. एप्रिल उजाडला असेल तर थांबा. या उन्हाळ्यात खुराडं बांधा, टाका शिका, आणि पावसाळा सरला की पक्षी आणा.

जातीबद्दल थोडक्यात. गावरान कोंबडी काटक, शिकाऱ्याला हुशार, स्वतः अंड्यांवर बसणारी. पण वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. गिरिराज ही बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने काढलेली जात आणि वनराज, ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या. या परसात फिरूनही गावरानाच्या जवळपास दुप्पट, ग्रामप्रिया तर त्याहून जास्त अंडी देते. मात्र त्या फारशा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. गिरिराज अंगाने जड असते, त्यामुळे उकाड्याचा त्रास तिला लवकर होतो. कोरड्या भागात पहिल्या वेळी तीन गावरान आणि तीन ग्रामप्रिया अशी सरमिसळ मला बरी वाटते. झाबुआकडच्या कडकनाथाचं नाव ऐकून लोक तोच मागतात. पक्षी उष्णतेला चांगला आहे, पण अंडी कमी आणि भाव जास्त, शिवाय त्याच्या नावाखाली साध्या काळ्या कोंबड्याही विकल्या जातात.

पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं खडकी (पुणे), कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तिथे मुख्यतः लहान पिल्लं मिळतात, मोठ्या तलंगांसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. जवळपास कोण वाढवून विकतं हे तिथे माहीत असतं.

खुराडं

सहा पक्ष्यांना रात्रीपुरतं चार बाय चार फुटांचं खुराडं पुरतं, दिवसा त्यांना अंगण किंवा जाळीचं कुंपण हवंच. खुराडं लांबट बांधलंत तर लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत कमी शिरतं. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असलं की साप, उंदीर आणि ओल यांपासून बचाव होतो. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस आत येतो, आणि तो एका रात्रीत एकीवर थांबत नाही.

छत हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. नुसता पत्रा असेल तर दुपारी आत भट्टी होते. वरून चुना फासा आणि त्यावर उसाचं पाचट, कडबा किंवा नारळाच्या झावळ्या यांचा वीतभर थर घालून दोरीने बांधा. दुपारी बारा आणि तीनला त्यावर पाणी मारायचं. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट सोडा आणि ते ओलं ठेवा, पण चारही बाजूंनी गोणपाट लावून खुराडं कोंडू नका. ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आली की कोंबडी आणखी गुदमरते.

खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, उन्हाळ्यात दोन इंच बास. बसायला दीड-दोन इंच जाडीचा आडवा दांडा. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद खोकं किंवा जुनी पाटी, तीन-चार कोंबड्यांमागे एक, अंधाऱ्या कोपऱ्यात. आणि एका घमेल्यात चुलीची राख आणि माती. त्यात त्या लोळतात आणि अंगावरच्या उवा-पिसवा झाडतात. हे घमेलं सावलीत ठेवलंत तर दुपारचा अर्धा वेळ त्या तिथेच पडून असतात.

दिवस कसा लावायचा

पहाटे उजाडताच दार उघडा. उन्हाळ्यात कोंबडीचं खरं जेवण सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून दुपारी धान्य पुढे टाकायचं नाही. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. फिरून किडे, गवत, सांडलेलं धान्य मिळत असेल तर निम्मं दिलं तरी भागतं. ज्वारी, बाजरी, मक्याची भरड, तांदळाची कणी चालते, पण नुसत्या धान्यावर अंडी मिळत नाहीत. निम्मं तरी तयार लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, ठेवा. वाटीभर शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवून द्या, ज्या कोंबडीला लागेल ती खाईल. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची जुनी पेंड, कितीही वाया जातंय असं वाटलं तरी, घालू नका. त्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. सांडलेलं खाद्य रात्री झाडून घ्या. उंदीर आले की मागोमाग साप येतो.

पाणी. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी मेमध्ये अर्धा लिटर पिते. सहा जणींना दिवसाला तीन लिटर धरा आणि ते एका भांड्यात ठेवू नका. दोन ठिकाणी, दोन्ही सावलीत. मातीची पसरट परळं सगळ्यात चांगली, त्यांतलं पाणी गार राहतं. प्लास्टिकचं भांडं उन्हात आलं की पाणी कोमट होतं आणि कोमट पाणी कोंबड्या पीत नाहीत, तहानलेल्या राहतात. परळ दोन विटांवर ठेवलं की त्यात पाय घालून घाण होत नाही. सकाळी, अकराला आणि तीनला पाणी बदला. दवाखान्यात मिळणारी इलेक्ट्रोलाइटची पूड पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात सकाळच्या पाण्यात घालता येते. अंदाजाने मीठ मात्र घालू नका, कोंबडीला जास्त मीठ बाधतं.

अकराच्या सुमाराला कलिंगडाच्या साली, काकडीचे तुकडे, कोथिंबिरीच्या काड्या सावलीत टाकायच्या आणि मग आपण आपल्या जागी येऊन बसायचं. कडुनिंबाखाली त्या पंख जरा सैल करून बसतील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरायचं कधी? चोच सतत उघडी, मान लांब केलेली, पंख अंगापासून दूर, धापा थांबतच नाहीत आणि हाक मारली तरी उठत नाही, असं दिसलं की उठा. त्या कोंबडीला अलगद उचलून वाऱ्याच्या, सावलीच्या जागी न्या. तिचे पाय घोट्यापर्यंत साध्या गार पाण्यात धरा, तुरा आणि गळ्याखालच्या लोळ्या ओल्या हाताने पुसा, चोचीजवळ पाणी धरा पण जबरदस्तीने ओतू नका. बर्फाच्या पाण्यात बुडवणं हा उपाय नाही, धक्का बसून ती जाते. पाच-दहा मिनिटांत मान सरळ झाली की तिला बाकीच्यांपासून वेगळी, गार जागी संध्याकाळपर्यंत राहू द्या.

उन्हाळ्यात अंडी कमी होतात आणि कवचं पातळ येतात. बरेच जण लगेच कॅल्शियमच्या बाटल्या आणतात. खरं कारण धापा टाकण्यात आहे. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातलं गणित बदलतं आणि कवच बनायला लागणारा माल कमी पडतो. सावली आणि पाणी सुधारा, शिंपला ठेवा, पुढे कवच आपोआप सुधारतं. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, धुऊ नका, फ्रिज नसेल तर तीन-चार दिवसांत संपवा.

लस आणि आजार

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा परसातल्या कोंबड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. आला की सहसा सगळं खुराडं घेऊन जातो आणि औषध नाही. त्यामुळे तलंग विकत घेताना एवढं विचारा: पहिल्या आठवड्यात लासोटा (ही राणीखेतची लस), दुसऱ्यात गंबोरो या आजाराची लस, चौथ्याच्या आसपास पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्यात देवीची लस आणि आठव्यात राणीखेतचीच आर-टू-बी, यांतलं काय काय झालं? शेवटची राहिली असेल तर दवाखान्यातून करून घ्या. एका कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि पातळ केल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या सगळ्या कोंबडीवाल्यांनी एक दिवस ठरवून एकत्र टोचून घ्यावं. लस बर्फात आणायची आणि ऊन चढायच्या आत, सकाळीच द्यायची.

एकाच वेळी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर ते उकिरड्यावर फेकू नका आणि कापून खाऊही नका. दवाखान्याला कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्यात तो पुन्हा आला होता. कळवण्यात कमीपणा नाही.

आता टाका: सामान

दुकानात गेल्यावर ‘क्रॉस स्टिचची मॅटी’ म्हणून मागा. पुण्यात तुळशीबाग किंवा बोहरी आळी, इतर गावांत भरतकामाचं आणि लेस-बटणांचं दुकान. मॅटीच्या विणीत चौकोनी घरं दिसतात आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्याला भोक असतं. पट्टी लावून एका इंचात किती घरं बसतात ते दुकानातच मोजा. ११ घरांचं कापड नवख्यांना सोपं, १४ घरांचं जास्त नाजूक दिसतं. १८ च्या वाट्याला इतक्यात जाऊ नका. त्याहून बारीक घरांचं कापडही मिळतं, पण दुपारी पापण्या जड झालेल्या असताना ते डोळ्यांना शिक्षा आहे.

दोरा सुती, सहा पदरी. अँकर किंवा डीएमसीची लडी आठ मीटरची असते. सहा पदर एकदम ओवायचे नाहीत. १४ च्या कापडाला दोन पदर, ११ च्या कापडाला तीन. पदर वेगळे करताना एकेक वर ओढून काढा, दोन एकदम ओढले की गुंता होतो. सुई बोथट टोकाची, मोठ्या नाकाची, १४ ला २४ नंबर. कापड ताणायला लाकडी किंवा प्लास्टिकची रिंग, पाच-सहा इंचांची. लहान टोकदार कात्री. एवढंच. मशीन नाही, ट्रेसिंग पेपर नाही, कार्बन नाही; नक्षी कापडावर छापायची नसते, आलेखावरून मोजून उतरवायची असते.

मोजून भरण्याची कला आपल्याकडे नवी नाही. सोलापूर-सांगलीकडच्या आज्यांच्या इरकल साड्यांवर धारवाडकडची कसुती असायची. तिच्या चार टाक्यांपैकी मेंथी हा सरळ सरळ फुलीचाच टाका आहे, मेथीच्या दाण्यांवरून नाव पडलेला. गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं कापडावर न काढता, धागे मोजून त्या भरायच्या. घरात तशी एखादी साडी असेल तर काचेचं भिंग घेऊन पदर बघा, अर्धा क्लास तिथेच होईल.

पहिली फुली

कापडाच्या कडा सुटतात, म्हणून आधी चारही बाजूंना साधा धावदोरा किंवा चिकटपट्टी. कापड उभं-आडवं दुमडून मध्य काढा, तिथे रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा.

हातभर, म्हणजे ४५-५० सेंटीमीटर दोरा घ्या. लांब घेतला की लवकर संपत नाही हे खरं, पण तो पिळतो आणि झिजतो. गाठ मारायची नाही. दोन पदरी कामात एक युक्ती आहे: दुप्पट लांबीचा एकच पदर घ्या, मध्ये दुमडा, दोन्ही मोकळी टोकं सुईत ओवा. मागे दुमडीचा फासा राहतो. घराच्या डाव्या खालच्या भोकातून सुई वर काढा, फासा मागे थोडा ठेवा, उजव्या वरच्या भोकातून खाली जा आणि मागे त्या फाशातून सुई घालून हलकेच ओढा. दोरा पक्का झाला, गाठही नाही.

आता ओळ. डावीकडून उजवीकडे जाताना सगळ्या घरांत फक्त अर्धी फुली, खालून डावीकडून वर उजवीकडे. ओळ संपली की परत येताना उलटी अर्धी, उजवीकडून खालून डावीकडे वर. अशाने प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला झुकतो. ही एक गोष्ट सांभाळली की पहिलंच काम नीटनेटकं दिसतं. ती चुकली की रंग कितीही चांगले असोत, उजेडात कापड ठिपक्याठिपक्यांनी वेगळं चमकतं. दोरा पिळ घेऊ लागला तर सुई खाली लोंबकळत सोडा, पीळ आपोआप सुटतो. दोरा संपताना मागच्या बाजूला चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवून कापा.

सरावाला एक पिल्लू

हे दहा घरं रुंद आणि दहा घरं उंच आहे. वरून खाली, प्रत्येक ओळ डावीकडून मोजायची.

पहिली ओळ: दोन घरं सोडून तीन पिवळी.
दुसरी: एक सोडून पाच पिवळी.
तिसरी: एक नारिंगी (ही चोच), एक पिवळी, एक काळी (डोळा), तीन पिवळी.
चौथी: एक सोडून पाच पिवळी, तीन सोडून एक पिवळी (शेपटीचं टोक).
पाचवी आणि सहावी: एक सोडून नऊ पिवळी.
सातवी: एक सोडून आठ पिवळी.
आठवी: दोन सोडून सहा पिवळी.
नववी: तीन सोडून एक नारिंगी, दोन सोडून एक नारिंगी.
दहावी: दोन सोडून दोन नारिंगी, एक सोडून दोन नारिंगी.

पिवळ्या पन्नास, नारिंगी सात, काळी एकच. एकूण ५८ फुल्या. १४ च्या कापडावर हे पिल्लू पावणेदोन सेंटीमीटरपेक्षा किंचित मोठं होतं, ११ च्या कापडावर सव्वादोनपेक्षा किंचित मोठं. आधी सगळं पिवळं भरा, मग नारिंगी, डोळा सर्वांत शेवटी.

पिल्लू जमलं की तोरणाचा हिशेब करता येतो. समजा दार ३६ इंच रुंद आणि कापड ११ घरांचं. म्हणजे ३९६ घरं. दोन पिल्लांत चार घरं सोडली तर एकापाठोपाठ २८ पिल्लं बसतात, ३८८ घरं संपतात, उरलेली आठ दोन्ही कडांना चार-चार. फुल्या होतात १,६२४. कापड घेताना मात्र चारही बाजूंना दोन इंच जादा धरा, दुमडायला आणि रिंग लावायला ते लागतंच. मध्ये मध्ये मोठी कोंबडी हवी असेल तर आलेखाच्या वहीत शाळेतल्या मुलांना काढायला लावा. ती आपल्यापेक्षा बऱ्या काढतात, कारण त्यांना शेपटी कशी हवी याची पंचाईत पडलेली नसते.

उन्हाळा, घाम आणि पांढरं कापड

बोटांना घाम आला की सुई चिकटते आणि मॅटीवर पिवळट डाग पडतात. मांडीवर सुती पंचा ठेवा आणि दर थोड्या वेळाने हात पुसा. टाल्कम पावडर लावण्याचा मोह होतो, पण ती दोऱ्यात बसते. पंख्याचा वारा मागून किंवा बाजूने घ्या, समोरून आला की दोरा उडून गुंततो. उठताना रिंग नेहमी काढून ठेवा. रात्रभर लावलेल्या रिंगेखाली धूळ आणि घामाचं गोल वळं उमटतं, ते धुऊनही पूर्ण जात नाही.

बसायची जागा खिडकीशी, उजेड डाव्या खांद्यावरून येईल अशी (डावखुऱ्यांनी उजव्या). गडद रंग सकाळी भरा. काळा, जांभळा, तपकिरी यांची घरं दुपारी पडदा ओढलेल्या खोलीत दिसत नाहीत.

आणि आता कोंबड्या आणि दोरा यांचं वैर. कोंबडी चकाकणारं आणि लांबट काहीही टिपते. सुई पडली तर ती दाणा समजून गिळेल. दोऱ्याचा तुकडा गिळला तर तो आत गोळा होऊन अडकतो, आणि पायाला गुंडाळला तर ती चालताना तो आवळत जातो, बोट काळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ओसरीत बसत असाल तर दोऱ्याच्या तुकड्यांसाठी झाकणाची बरणी जवळ ठेवा, सुया मोजून पिनकुशनला लावा आणि उठताना पुन्हा मोजा. आठवड्यातून एकदा संध्याकाळी सगळ्यांचे पाय बघा. उलट दिशेनेही तेच: कोंबडी, अंडी किंवा पाण्याचं भांडं हाताळलं की साबणाने हात धुतल्याशिवाय कापडाला शिवायचं नाही. डागाची गोष्ट राहू द्या, कोंबडीच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येतात.

धुणं

काम पूर्ण झालं की लाल, निळा, काळा या रंगांवर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग लागला नाही तर साध्या गार पाण्यात, सौम्य साबणात दोन मिनिटं बुडवून हलकेच खळबळा. पिळू नका. रंग सुटलाच तर घाबरून वाळत घालू नका. वाळला की पक्का बसतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यातच बदलत राहा. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत वाळवा (मेच्या उन्हात नारिंगी लवकर फिका पडतो), किंचित ओलं असताना जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री करा.

खुडूक झाली तर

एप्रिलमध्ये गावरान कोंबडी हमखास खुडूक होते. खोक्यात पसरून बसते, हात नेला की पिसं फुलवून क्लक-क्लक करते, अंडी बंद. नवखे आनंदाने तिच्याखाली अंडी ठेवतात. ठेवू नका. चाळीस अंशांच्या घरात चार दिवस साठवलेल्या अंड्यांत जीव अर्धवट वाढायला लागून आधीच मेलेला असतो, आणि कोंबडा नसेल तर त्यांत मुळात जीवच नसतो. शिवाय एकवीस दिवस दुपारभर एका जागी बसून तीच उन्हाने थकते. तिला जाळीच्या हवेशीर पिंजऱ्यात, खाली भुसा न घालता, पाणी-खाद्य देऊन तीन-चार दिवस ठेवा. खालून वारा लागला की खुडूक उतरते. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची तर दसऱ्यानंतर, दहा-बारा ताज्या, कोंबडा असलेल्या कळपातल्या अंड्यांवर. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून ज्यांत लाल शिरा दिसत नाहीत ती काढून टाका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचे दोन पाऊस झाले की खुराड्यातलं तूस पूर्ण बदला, जमिनीला चुना मारा, छपरावरचं पाचट काढून पत्र्याची भोकं बुजवा आणि दवाखान्यातून जंताचं औषध आणून द्या. मॅटीचं उरलेलं कापड आणि लड्या कोरड्या डब्यात भरायच्या त्याही याच आठवड्यात, कारण ओल लागलेल्या मॅटीवर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते कशानेही निघत नाहीत.